वेंगुर्ल्याहून अमेरिकेचा इतिहास

१७६५ साली मुंबईच्या इंग्रजी आरमाराने मालवणचा सिंधुदुर्ग घेतला. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन हे त्या मोहिमेचे प्रमुख. किल्ला कायमचा ठेवून घ्यायचा बेत होता, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नवे नावही दिले. पण तो राखणे परवडेना आणि तसले अवाढव्य तट पाडणेही सोपे नव्हते. शेवटी पैसे घेऊन त्यांनी किल्ला कोल्हापूरकरांच्या हवाली केला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडनच्या पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट मंजूर केला. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत वर्तमानपत्रे, दस्तऐवज, पंचांगे, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही कर बसला. वसाहती खवळल्या आणि तिथून सुरू झालेले भांडण अकरा वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत गेले. याच १७६५ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली.

आपल्या पाठ्यपुस्तकांत या तीन घटना तीन निरनिराळ्या ठिकाणी सापडतात. सिंधुदुर्ग मराठ्यांच्या इतिहासात, दिवाणी आधुनिक भारतात आणि स्टॅम्प ॲक्ट अमेरिकेच्या इतिहासात. लंडनमध्ये बसलेल्या मंत्र्यांच्या मेजावर मात्र साम्राज्याचा प्रश्न एकच होता. १७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा इंग्लंड जिंकले होते आणि कर्जातही बुडाले होते. मिळालेला मुलूख राखायचा कसा आणि त्याचा खर्च कोणाकडून काढायचा? अमेरिकेत हा खर्च वसूल करायला गेले आणि वसाहती हातच्या गेल्या. हिंदुस्थानात तो बंगालच्या महसुलातून निघाला आणि राज्य वाढत गेले. पी. जे. मार्शल या ब्रिटिश इतिहासकारांनी २००५ साली या दोन कहाण्या एकत्र मांडणारा ग्रंथ लिहिला. एका हाताने साम्राज्य गमावले जात असताना दुसऱ्या हाताने ते उभे कसे राहिले, हा त्यांचा विषय.

मालवणच्या किनाऱ्यावरून अमेरिकेच्या इतिहासाकडे जाणारी वाट अशी आहे. ती आडवळणाची वाटेल, पण पदव्युत्तर अभ्यासाला लागणारी नजर याच वाटेवर तयार होते.

सिंधुदुर्गातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मालवणचे स. का. पाटील महाविद्यालय, सावंतवाडीचे पंचम खेमराज, वेंगुर्ल्याचे बाळासाहेब खर्डेकर ही नावे जिल्ह्यात घरोघर माहीत आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत एम.ए.ला इतिहास घेतला की अमेरिकेच्या इतिहासाची एखादी प्रश्नपत्रिका निवडता येते. वसाहतींची स्थापना, क्रांती, राज्यघटना, गुलामगिरी, यादवी युद्ध, पुनर्रचना, रूझवेल्टांचा न्यू डील, शीतयुद्ध, नागरी हक्कांची चळवळ असा तिचा ठरलेला क्रम. विद्यार्थी ती पुष्कळदा नोट्सवर काढतात. ‘यादवी युद्धाची कारणे व परिणाम सांगा’ या प्रश्नाला पाच कारणे आणि सहा परिणाम लिहिले की गुण मिळतात. विषय अतिशय जिवंत आणि त्याचा अभ्यास मात्र इतका निर्जीव, याची खंत हा विषय मनापासून शिकवणाऱ्या प्रत्येकाला असणार.

पदवीपर्यंत काय घडले ते शिकायचे असते. त्यापुढच्या पायरीवर, घडले ते कोणी कसे सांगितले आणि का तसे सांगितले, हे तपासायचे असते. याचे सर्वांत चांगले उदाहरण मराठी वाचकांच्या अगदी ओळखीच्या ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि काळ १९१३ ते १९१६.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये तिथे पोचले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातले; आजचा सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा कितीतरी वर्गांत ते बसले. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. मिळाली आणि मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध तिथल्याच एका चर्चासत्रात वाचला.

त्या वर्षांत कोलंबियात अमेरिकेच्या इतिहासावर काय चालले होते? चार्ल्स बिअर्ड हे प्राध्यापक तिथे शिकवत होते आणि १९१३ सालीच त्यांचे राज्यघटनेची आर्थिक मीमांसा करणारे पुस्तक निघाले होते. घटनाकारांना देव मानणाऱ्या अमेरिकेला त्यांनी विचारले की, घटना लिहिणाऱ्यांचे पैसे कुठे गुंतले होते ते आधी पाहा. देशभर गहजब झाला. त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग होते. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला ही मोठी चूक झाली, दक्षिणेत त्यामुळे अंदाधुंदी माजली, असे त्यांचे आणि त्यांच्या शिष्यांचे म्हणणे. पुढे कित्येक वर्षे शाळा-महाविद्यालयांत हीच मांडणी इतिहास म्हणून शिकवली गेली आणि दक्षिणेतल्या वंशभेदी कायद्यांना तिचा आधार मिळाला. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा मोठा ग्रंथ लिहून तिला आव्हान दिले. गुलामीतून सुटलेली माणसे या काळाची कर्ती होती, त्यांनी शाळा काढल्या, कायदे केले, हे डुबॉइस यांनी कागदपत्रांनिशी मांडले. तेव्हाच्या प्राध्यापक मंडळींनी त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. १९८८ मध्ये एरिक फोनर यांनी त्या काळाचा नवा इतिहास लिहिला तेव्हा डुबॉइस यांची बाजू मुख्य प्रवाहात आली. फोनर हेही कोलंबियाचेच.

एका विद्यापीठाच्या तीन पिढ्यांत एकाच काळाचा निवाडा असा उलटा झाला. कागद बहुतेक तेच होते. बदलले ते प्रश्न विचारणारे आणि ज्यांची साक्ष ग्राह्य धरायची ती माणसे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने पुनर्रचनेवर पाच मुद्दे पाठ करण्यापेक्षा ही एवढी गोष्ट नीट समजून घेतली तर त्याला पेशवाईचा, शिवकाळाचा किंवा स्वातंत्र्यलढ्याचा इतिहासही वेगळा दिसू लागेल.

आंबेडकरांनी हा धागा सोडला नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी आपल्या लेखनात वारंवार केली. १९४६ मध्ये त्यांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी जुलै अखेरीस उत्तरही पाठवले.

मराठीत ही दृष्टी त्याहून जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. ते वरवरचे प्रवासवर्णन नाही. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म, स्त्रियांच्या संस्था यांचा त्यात पद्धतशीर धांडोळा आहे. अमेरिकेकडे इंग्लंडच्या चष्म्यातून न पाहता थेट पाहणारे मराठीतले हे पहिल्या दर्जाचे काम. गोव्याच्या कोसंबी घराण्यातल्या मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि आज ते अमेरिकेतल्या अभ्यासकांच्याही हाती आहे. आपल्याकडे अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात मात्र ते क्वचितच उघडले जाते. हे बदलायला हवे.

आता वेंगुर्ला.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धर्मजागृतीची एक मोठी लाट आली. इतिहासकार तिला दुसरे महाजागरण म्हणतात. गुलामगिरीविरोधी चळवळ, दारूबंदीची चळवळ, स्त्रीशिक्षण या सगळ्यांत तिचा जोर होता आणि परदेशी मिशन हीही तिचीच शाखा. १८१० मध्ये या कामासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्याचे पाद्री १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले. त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. कंपनी सरकारला मिशनरी आधीच नको होते, त्यात हे तर शत्रुदेशाचे झाले! तरी फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला पोचले आणि बऱ्याच खटपटींनंतर टिकले. इकडे त्याच १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ला इंग्रजांच्या ताब्यात गेले होते.

या मिशनने मुंबईत छापखाना घातला. मराठी छपाईच्या इतिहासात त्या अमेरिकन मिशन प्रेसला मोठे स्थान आहे. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि पुढे ‘निर्णयसागर’ काढणारे जावजी दादाजी पोरवयात तिथेच कामाला होते. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. हा मराठी पत्रकारितेचा इतिहास आहे, तसाच तो अमेरिकेच्या धर्मजागृतीचाही आहे.

कोल्हापूरला १८५२ मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन पाद्री आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला, प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ पासून अमेरिकेत उभी राहिलेली विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ घडवणाऱ्यांत अग्रभागी राहिला. हजारो अमेरिकन तरुण-तरुणी त्या चळवळीतून परदेशी गेले. अमेरिका जगभर पसरली ती आधी सैन्याच्या आणि कंपन्यांच्या रूपाने नव्हे, अशा माणसांच्या रूपाने पसरली, असे मानणारे इतिहासकार आज बरेच आहेत.

कोल्हापूरचे प्रेस्बिटेरियन मिशन घाटाखाली उतरून वेंगुर्ल्यात आले. तिथे सेंट ल्यूक्स रुग्णालय चालले आणि डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी तिथे वैद्यकीय काम केले. कोकणात तेव्हा आधुनिक रुग्णालय ही दुर्मीळ गोष्ट होती. १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात त्यांना मुलगा झाला. त्याचे नावही रॉबर्टच.

हा मुलगा कोडाईकनालच्या शाळेत शिकला आणि पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. प्रिन्स्टनहून पदवी घेतली, दुसऱ्या महायुद्धात लढला आणि परत येऊन त्याने ग्रीक नाटकांचा अभ्यास केला. युद्धावरून परतलेल्या हुशार तरुणांनी अध्यापनाकडे वळावे म्हणून वुड्रो विल्सन शिष्यवृत्ती निघाली होती. ती मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या मंडळींत रॉबर्ट गोहीन होते आणि १९५३ ते १९५६ या काळात तेच त्या राष्ट्रीय योजनेचे संचालक झाले. अमेरिकेतल्या कितीतरी प्राध्यापकांच्या पदव्युत्तर शिक्षणाला या शिष्यवृत्तीने हात दिला. इतिहासाचे प्राध्यापकही त्यांत आले. १९५७ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी गोहीन प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत राहिले. अमेरिकन विद्यापीठे आतून ढवळून निघाली ती हीच वर्षे. नागरी हक्क, व्हिएतनाम, विद्यार्थ्यांची आंदोलने. त्यांच्याच कारकिर्दीत १९६९ मध्ये प्रिन्स्टनने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला. त्याआधी दोनशेहून जास्त वर्षे तिथे फक्त मुलगे शिकत.

१९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना भारतात राजदूत म्हणून पाठवले. तेव्हा दोन्ही देशांतला सर्वांत कटू विषय होता तारापूरचा. १९६९ मध्ये सुरू झालेले ते अणुवीज केंद्र अमेरिकन बनावटीचे आणि त्याचे इंधनही अमेरिकेहून यायचे. पोखरणच्या चाचणीनंतर आणि १९७८ च्या अमेरिकन अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यानंतर ते अडले. वेंगुर्ल्यात जन्मलेला राजदूत दिल्लीत बसून महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरच्या वीजकेंद्राच्या इंधनाचा गुंता हाताळत होता. १९८० पर्यंत ते त्या पदावर होते. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढा मोठा माणूस, पण त्यांच्या बालपणीच्या वेंगुर्ल्यावर, रुग्णालयावर, तिथे काम केलेल्या स्थानिक परिचारिका, कंपाउंडर आणि बायबल शिकवणाऱ्या बायकांवर एखादा चांगला मराठी प्रबंध व्हायला हवा. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत या मिशनचे कागद जपलेले आहेत; अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ते वाचताना मिशनरी स्वतःच्या देणगीदारांसाठी लिहीत होते हे मात्र विसरता कामा नये. ज्यांच्यावर उपचार झाले त्यांची बाजू वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडीच्या घरांतच मिळेल. ती अमेरिकेतल्या संशोधकाला मिळणार नाही. इथल्या विद्यार्थ्याला मिळेल.

दुसरा मोठा धागा कापसाचा. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा कापूस बाहेर काढायला कारवार बंदर वाढवावे असा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा आग्रह होता. म्हणूनच उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. अमेरिकेतल्या युद्धाने गोव्याच्या दक्षिणेचा नकाशा असा बदलला.

मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले जात होते. त्या सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, भाव कोसळले आणि मुंबई दिवाळखोर झाली. प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र विद्यापीठाकडे राहिली आणि १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला. मालवणहून मुंबईला जाऊन विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयात अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचत बसलेला विद्यार्थी त्या युद्धाच्याच पैशाने उभ्या राहिलेल्या इमारतीत बसलेला असतो.

शेतकऱ्याची कथा वेगळी. तेजीत त्याने सावकाराकडून उचल घेतली आणि मंदीत तो फेडू शकला नाही. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्याची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने कारणे शोधताना अमेरिकन युद्धाच्या काळातली तेजी आणि मागाहूनची पडझड नोंदवली. स्वेन बेकर्ट यांनी २०१४ मध्ये कापसाच्या जागतिक साम्राज्यावर लिहिलेल्या ग्रंथात मिसिसिपीचा गुलाम आणि वऱ्हाडचा कुणबी एकाच साखळीत येतात. गुलाम मुक्त झाले तेव्हा जगाला स्वस्त कापूस देणार कोण, हा प्रश्न कोणाच्या शेतात येऊन पडला? असा प्रश्न विचारला की अमेरिकेच्या यादवी युद्धाचा अभ्यास आपोआप आपल्या मातीत उतरतो.

मग गव्हाची गोष्ट. मालवणच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते स. का. पाटील मुंबईच्या राजकारणातले एके काळचे सर्वांत वजनदार पुढारी. १९६० मध्ये ते केंद्रात अन्न व शेतीमंत्री होते. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखालील मोठ्या करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता आणि त्याची किंमत रुपयांत द्यायची होती. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो ज्वारी आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. भात खाणाऱ्या कोकणाला तो गहू कसा रुचला असेल, हे त्या पिढीलाच विचारावे लागेल.

अमेरिकन इतिहासकारांत या गव्हावर आजही वाद आहे. ती मदत होती, की तिथल्या शेतकऱ्यांचे उरलेले धान्य खपवण्याची सोय, की शीतयुद्धातले हत्यार? १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी, स्वतः लक्ष घालून सोडली. भारताने शेतीचे धोरण बदलावे आणि व्हिएतनामवर बोलणे आवरावे हा त्यांचा हेतू होता. हे कागद आता अभ्यासकांना खुले आहेत.

याच कराराची एक शाखा फारशा कोणाला ठाऊक नाही. गव्हाच्या बदल्यात अमेरिकेच्या नावे जे रुपये भारतात साठले, त्यांतल्या काहींतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशा विद्यापीठांत मराठी पुस्तकांचे भरघोस साठे झाले ते त्यातून. त्यांच्या बळावर तिथे मराठीचे आणि महाराष्ट्राचे अभ्यासक तयार झाले. आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियात पीएच.डी. मिळवणाऱ्या एलिनॉर झेलियट या त्याच काळातल्या. अमेरिकेने आपला अभ्यास करण्यासाठी रीतसर व्यवस्था उभी केली. आपण अमेरिकेचा अभ्यास करायला तेवढ्या चिकाटीने काय उभे केले, हे विचारायला हवे.

उलट दिशेचे काम अगदीच झाले नाही असे नाही. आरवलीचे जयवंत दळवी अनेक वर्षे मुंबईच्या युसिस, म्हणजे अमेरिकन सरकारच्या माहिती सेवेच्या, कार्यालयात होते आणि अमेरिकन पुस्तके मराठीत आणण्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यांचे ‘लोक आणि लौकिक’ हे अमेरिकेच्या प्रवासावरचे पुस्तक जुन्या वाचकांना आठवेल. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले. भारतभरचे प्राध्यापक आणि संशोधक तिथल्या ग्रंथालयात महिनोन्‌महिने राहून प्रबंध लिहीत. शीतयुद्ध संपले, अमेरिकेचा पैसा आटला आणि केंद्राचे रूपही पालटले.

वेंगुर्ल्याचेच बॅरिस्टर नाथ पै यांची आठवण इथे अवश्य काढली पाहिजे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असा निकाल सहा विरुद्ध पाच मतांनी दिला. आधीच्या घटनादुरुस्त्या उधळू नयेत म्हणून सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी निकाल पुढच्या काळालाच लागू केला; हे तत्त्व त्यांनी अमेरिकन न्यायालयांकडून घेतले होते. नाथ पै यांनी त्याच वर्षी संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडले. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. त्याच वर्षी झालेल्या २४ व्या घटनादुरुस्तीने तोच मार्ग धरला. न्यायालय श्रेष्ठ की लोकांनी निवडलेली सभा, हा वाद अमेरिकेत १८०३ च्या मार्बरी खटल्यापासून चालू आहे. राजापूर मतदारसंघाच्या खासदाराने त्यात घातलेली भर अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासाच्या शेजारी ठेवून अभ्यासण्यासारखी आहे.

हे सगळे करायचे कसे? अमेरिकेत जाऊन इतिहासात पीएच.डी. करायची तर पहिली काही वर्षे वर्गकाम, मग शेकडो ग्रंथांवरची सर्वंकष परीक्षा, मग प्रबंध असा पाच ते सात वर्षांचा, बहुधा त्याहून थोडा लांबच जाणारा रस्ता आहे. चांगली विद्यापीठे निवडलेल्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता देतात, त्या बदल्यात तो खालच्या वर्गांना शिकवतो. एम.ए.साठी असा आधार क्वचित मिळतो, हे आईवडिलांनी कर्ज काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. भारत-अमेरिका करारातून १९५० पासून चालणारी फुलब्राइट, म्हणजे आताची फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती, हा दुसरा मार्ग. इथे पीएच.डी. करणाऱ्यालाही तिच्यावर काही महिने अमेरिकन दप्तरखान्यांत काम करता येते.

पण कुडाळ किंवा कणकवलीत राहणाऱ्या, दुकान किंवा बाग सांभाळून एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यालाही आज जे मिळते ते वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या प्राध्यापकाला मिळत नव्हते. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन यांचा पत्रव्यवहार ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट वाचता येतो. ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर जुन्या वर्तमानपत्रांची लक्षावधी पाने आहेत. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी योजनेतून नोंदवलेल्या, एके काळी गुलाम असलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुल्या केल्या आहेत. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’वर गुलामांना वाहणाऱ्या सुमारे ३६ हजार सफरींची माहिती मिळते. इंग्रजी वाचायची चिकाटी आणि मार्गदर्शक हवा, एवढेच.

आणि इथल्या विद्यार्थ्याजवळ एक हत्यार असे आहे जे प्रिन्स्टन-हार्वर्डच्या बहुतेक पीएच.डी.धारकांजवळ नसते. ते म्हणजे मराठी, आणि शिकून घेतली तर मोडी. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सेंट लुबिन पुण्यात नाना फडणिसांच्या दरबारी आला. त्याच वर्षी साराटोगाला इंग्रजांचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला. पुण्याच्या फ्रेंच खलबतांनी आणि अमेरिकेतल्या पराभवाच्या बातमीने वॉरन हेस्टिंग्ज इतका अस्वस्थ झाला की, हिंदुस्थानात जोर दाखवणे त्याला अधिकच निकडीचे वाटले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकन क्रांती ही एकाच काळची. एक १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले, दुसरी १७८३ च्या पॅरिसच्या. यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला. पुण्याच्या पेशवे दप्तरातून हा काळ अमेरिकेच्या बाजूने वाचणारे अभ्यासक हवे आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या रचनेत संशोधनपद्धती, क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. त्यासाठी विषय शोधत बसायची सिंधुदुर्गाला गरज नाही. वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयाची जुनी रजिस्टरे, मिशन शाळेचे दाखले, रेशनकार्डे, युसिसने छापलेली मराठी पुस्तके, परदेशी बोटींवर काम केलेल्या खलाशांची पत्रे आणि ओळखपुस्तिका ज्यांच्या घरी किंवा माळ्यावर असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात नेऊन दाखवावीत. प्राध्यापकांनी ती किमान मोबाइलवर टिपून, कोणाच्या घरची, कोणत्या सालची एवढे लिहून ठेवावे, आणि येत्या वर्षी अमेरिकेचा इतिहास निवडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती नोट्सच्या आधी ती द्यावीत.